आईला आत बसू द्या
(माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: तपासणीची खोली, सतरंजी, साबणाच्या फुग्यांची बाटली)

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमनी एकदा फुंकर मारली आणि खोलीभर फुगे झाले. मुलगा टाचा उचलून नाचला, हात फडफडवले, खदखदून हसला. आता मॅडमनी झाकण घट्ट लावून बाटली त्याच्यासमोर ठेवलीय आणि त्या मुद्दाम गप्प बसल्यात.

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. या वयाची बहुतेक मुलं बाटलीकडे बघतात, मग समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघतात, बोट दाखवतात, ‘उघड’ म्हणतात. हा मॅडमचं मनगट धरतो, त्यांचा हात उचलतो आणि नेऊन झाकणावर ठेवतो. चेहऱ्याकडे एकदाही बघत नाही. मॅडम वहीत नोंद करतात आणि बाटली उघडून देतात.

याला मूल्यमापन म्हणतात. यात सुई नाही, रक्ततपासणी नाही, मशीन नाही. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता: मूल संवाद, खेळ, माणसांत मिसळणं वेगळ्या तऱ्हेनं करतं. तो दाखवणारा रक्ताचा किंवा मेंदूच्या स्कॅनचा असा रिपोर्ट निघत नाही. ऑटिझम कळतो तो मुलाचं वागणं जाणत्या नजरेनं पाहून आणि घरच्यांना नीट विचारून.

(दृश्य: कोपऱ्यात आई, मांडीवर फाइल)

विचारणं मात्र लांबतं. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास नावानं हाक मारल्यावर वळून बघायचा का? विमान दिसलं की तुम्हाला दाखवायचा का? गाड्या चालवतो, की नुसतीच चाकं फिरवत बसतो? कुकरची शिट्टी झाली की कान दाबतो का? आधी येत असलेले शब्द गेले का? आई थांबते, आठवते, दोनदा उत्तर बदलते. मॅडम घाई करत नाहीत. ‘आई, सावकाश सांगा,’ एवढंच म्हणतात.

समोरचा छापील तक्ता म्हणजे इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम. आपल्याकडे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी हीच मोजपट्टी चालते. तिच्यात 40 बाबी आहेत, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. बेरीज 70 किंवा त्याहून जास्त झाली, की ऑटिझम आहे असं धरतात. पण बेरीज शेवटी येते. आधी ते बघणं असतं, जे तुम्ही आत्ता पाहिलंत.

(दृश्य: अंगणवाडी, वजनकाटा, दाराशी उभी गाडी)

इथवर पोचायला या घराला दीड वर्ष लागलं. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘त्याचा मामापण असाच होता’, ‘मोबाइल काढून घ्या, आपोआप बोलेल’. घरात सगळं ऐकून झालं. मोबाइल कमी केला तर चांगलंच, पण मोबाइलनं ऑटिझम होत नाही. आईच्या लाडानं होत नाही आणि आई कामाला जाते म्हणूनही होत नाही. हे इथे ठणकावून सांगतो, कारण जिच्यावर हे खापर फुटतं ती कोपऱ्यात बसलेली तुम्ही पाहिलीत.

शेवटी उपयोगी पडली ही अंगणवाडीच्या दाराशी उभी असलेली गाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतं. दात, हृदय, रक्तक्षय यांच्याबरोबर वाढीतला उशीरही त्यांनी बघायचा असतो. अंगणवाडी ताईंनीच डॉक्टरांना सांगितलं, ‘हा हाक मारली तर बघत नाही.’ तिथल्या तिथे जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली. जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे बालरोगतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत अशी रचना आहे, आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. खासगी दवाखान्यांच्या पाट्या वाचत फिरण्याआधी इथे जाऊन या. एखादं पद रिकामं असेल, थांबावं लागेल, तरी नाव नोंदवून ठेवा.

(दृश्य: झोपलेलं मूल, कानावर तारा)

ही बेरा चाचणी, मूल झोपल्यावर करतात. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाचं ऐकणं आधी तपासलंच पाहिजे. याचं ऐकणं उत्तम निघालं.

(दृश्य: केंद्राबाहेरचा बाक, बंद दार, चपला. इथे आवाज तसाच राहू द्यावा.)

आता या बाकावर या. ही दुसऱ्या एका थेरपी केंद्राची पडवी. बाकावर पाच आया आणि एक आजोबा आहेत. दार बंद. पाऊण तासानं उघडेल, मूल बाहेर येईल, ‘आज छान बसला’ असं ऐकायला मिळेल आणि पुढचं मूल आत जाईल. आत काय झालं ते कुणी सांगत नाही. काही आया वर्षभर इथेच बसल्यात.

आमचं म्हणणं या दारापाशी आहे.

आठवड्यातून दोनदा पाऊण तास म्हणजे दीड तास. मुलाचे आठवड्यातले जागेपणीचे तास ऐंशीच्या घरात जातात, आणि ते घरच्यांबरोबर जातात. दीड तासात जे घडतं ते आईला दिसलंच नाही, तर उरलेले तास ती काय करणार? केंद्रवाले सांगतात, आई असली की मूल तिला चिकटतं. सुरुवातीला चिकटतंही. मग आईला खोलीच्या कडेला बसवा, हळूहळू खेळात घ्या. चांगले थेरपिस्ट हेच करतात.

याला आधार आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीला एक अभ्यास झाला, 2016 मध्ये तो ‘लॅन्सेट सायकिअट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मुलं 65, म्हणजे अभ्यास छोटाच. आईवडील मुलाशी खेळतानाचं चित्रण करायचं आणि ते त्यांच्याच बरोबर बसून बघायचं. कुठे थांबलात, कुठे घाई केलीत, त्यानं बघितलं तेव्हा तुम्ही काय केलंत. हे शिकवणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. आईवडील मुलाच्या कलानं प्रतिसाद द्यायला लागले आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करायला लागली.

(दृश्य: स्वयंपाकघर, परात, कणीक)

आई परातीशी बसलीय. कणकेची एक गोळी देते, तो चेपतो. दुसरी देते. तिसरी हातात धरून ती थांबते. बोलत नाही, ‘माग, माग’ म्हणत नाही.

(इथे निवेदन नको. मूल बघेपर्यंत शॉट कापू नये.)

हे थांबणं तिला फुग्यांच्या खोलीत बसून आलं.

(दृश्य: भिंतीवरची प्रमाणपत्रं, फाइलची पानं)

थेरपिस्ट हा एकच माणूस नसतो. बोलण्या-संवादासाठी स्पीच थेरपिस्ट. हात, तोल, आवाज-स्पर्शाचा त्रास, जेवण, कपडे यांसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, ज्याला सगळे ओटी म्हणतात. शिकण्यासाठी विशेष शिक्षक. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते, ओटीची राज्याच्या परिषदेकडे. नोंदणी क्रमांक मागा. मागण्यात उद्धटपणा नाही. दोन आठवड्यांचा कोर्स केलेले लोकही पाटी लावून बसतात.

आणि ‘सहा महिन्यांत बरा करतो’ म्हणणाऱ्याकडून उठून या. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचारासाठी लाखो रुपये भरलेली घरं आम्हाला भेटली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिझमसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. ऑटिझम हा आजार नाही, त्याला उतारा नाही. मुलाला समजेल असं जग आखून देता येतं आणि त्याचं म्हणणं पोचायला वाट करून देता येते. ती शब्दांची असेल, चित्रांची असेल, खुणांची असेल.

केंद्रात चित्रीकरणाच्या दिवशी मुलगी एकच होती. मुलींना ‘लाजाळू’ म्हणून घरीच ठेवतात, त्यांचं निदान उशिरा होतं.

दरम्यान आईचं शिवणकाम बंद झालं, वडिलांनी दुचाकी विकली.

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ऑटिझम आहे. प्रमाणपत्र काढा, त्यावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंतचं आरोग्य विमाकवच मिळतं, थेरपीचा काही खर्च त्यात बसतो.

(दृश्य: आई फोनवर, समोर वही)

जिल्ह्याचं केंद्र लांब पडतं म्हणून आई तालुक्यात कुणी मिळतंय का बघतेय. वहीत प्रश्न लिहून घेतलेत: नोंदणी क्रमांक काय, पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचं ठरवाल, तो रडला तर काय करता, घरी काय करायचं ते लिहून द्याल का, मी आत बसू का. पहिल्या ठिकाणी शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ आलं. दुसऱ्या ठिकाणी ओटी बाई म्हणाल्या, ‘बसायलाच हवं, आणि बाबांनाही आणा.’ सोमवारी सकाळी दहाची वेळ मिळालीय.