नापासांचा कारखाना

नमस्कार मंडळी. प्रास्ताविकात ‘नेतृत्व’ हा शब्द इतक्यांदा आला, की मला जरा धडकीच भरली. समोर बसलेले तुम्ही बहुतेक सगळे कारखान्यातले. कुणी सुपरवायझर, कुणी मॅनेजर, मागे दोघे-तिघे स्वतःचं वर्कशॉप चालवणारे. तुम्हाला व्याख्या सांगून मी काय करू? त्यापेक्षा एका कारखान्याची गोष्ट सांगतो. सांगली जिल्ह्यातलीच आहे. किर्लोस्करवाडीची.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरांचा कारखाना आधी बेळगावात होता. तिथं नवी वस्ती करायची म्हणून जागा खाली करण्याचा हुकूम निघाला. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला, बत्तीस एकर, आणि वर दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज. १९१० साली पंचवीसेक कामगार बायकापोरांसह त्या माळावर उतरले. पाऊल टाकावं तिथं निवडुंग, आणि निवडुंगात नाग. आज तिथून गाडीनं जाताना यातलं काही दिसत नाही.

पण मला माळाबद्दल नाही, त्या माळावर कोण कोण आलं त्याबद्दल बोलायचंय. वसाहतीची आखणी आणि कारभार थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे. हिशेबाला मंगेशराव रेगे. यंत्रांच्या बाजूला शंभूराव जांभेकर. अनंतराव फळणीकर, त्यांची शाळा सुटलेली, पण डोक्यात कल्पना मावत नसत. के. के. कुलकर्णी परीक्षेत न चाललेले. पुढे कारखान्यात पडेल ते काम सांभाळणारे मॅनेजर झाले. आणि रात्रीच्या राखणीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेले.

आता हीच यादी एखाद्या कंपनीच्या एचआरकडे पाठवा. पहिल्या चाळणीतच बहुतेक बाद. सॉफ्टवेअरनंच बाद केले असते, माणसाच्या डोळ्यापर्यंत अर्ज पोचलेच नसते.

यावर लोक लगेच म्हणतात, ‘लक्ष्मणराव मोठ्या मनाचे होते.’ असतीलही. पण मला ते उत्तर फार स्वस्त वाटतं. मोठ्या मनानं माणूस एखाद्याला नोकरी देतो; कारखान्याच्या किल्ल्या आणि रात्र त्याच्या हवाली करत नाही. त्याला नीट पारख लागते. आणि ती पारख लक्ष्मणरावांकडे कुठून आली, याचा मला जो अंदाज आहे तो सांगतो. अंदाजच म्हणतोय, पण त्यांच्या आयुष्याकडे बघून केलेला.

लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचं होतं. वडिलांचा विरोध पत्करून ते १८८५ च्या सुमारास मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोनेक वर्षांनी लक्षात आलं, की काही रंग आपल्याला वेगळे ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला आणखी काय व्हायचं बाकी राहिलं? आपल्यातला एखादा घरी परत आला असता आणि जन्मभर ‘नशीब’ म्हणत बसला असता. त्यांनी काय केलं, तर रंग सोडले आणि रेषा ठेवली. यंत्रांची ड्रॉइंगं शिकले. त्यात रंग लागत नाही, हात स्थिर लागतो आणि माप लागतं. ते दोन्ही होतं. त्यावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची नोकरी मिळाली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्याला, एका अँग्लो-इंडियन माणसाला, दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथं रामूअण्णांबरोबर १८८८ पासून सायकलींचं दुकान होतंच. सायकल विकायची, आणि घेणाऱ्याला चालवायला शिकवायचे पंधरा रुपये वेगळे!

म्हणजे बघा, ज्याला स्वतःला एकदा शरीरानं आणि एकदा साहेबानं नापास केलं, तो माणूस दुसऱ्याच्या नापासाकडे कसा बघेल? ‘याला काय येत नाही’ हे त्याला आयतं कळलेलंच असतं, सगळे तेच सांगत असतात. तो पुढचं विचारतो. मग उरलं काय? आणि उरलेल्याला आपल्याकडे काम आहे का?

हे मी माझ्या डोळ्यांनी एकदा पाहिलंय, म्हणून एवढ्या ठामपणे बोलतो. मी नोकरीला होतो तिथं एक लेथवरचा, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावरचा, ऑपरेटर होता. रोजचं प्रॉडक्शन कधीच भरायचं नाही. का, तर गडी प्रत्येक जॉब, म्हणजे घडवलेला भाग, चिंधीनं पुसायचा, थंड होऊ द्यायचा आणि मग मापाला मायक्रोमीटर लावायचा. पाचातला एक तपासायचा असा नियम, हा पाचही तपासणार. सुपरवायझर रोज कावायचा. अप्रेझलच्या फॉर्मवर तीन वर्षं तोच शेरा, ‘काम संथ’. मग खात्यात एक म्हातारे फोरमन आले. ते आठवडाभर काही बोलले नाहीत, फक्त त्या लेथजवळ उभे राहायचे. आठवड्यानं त्यांनी त्याला तपासणी विभागात मागून घेतलं. माणूस तोच, सवय तीच. तिकडे गेल्यावर त्या सवयीचं नाव ‘काटेकोरपणा’ झालं. ट्रेनिंग नाही, भाषण नाही.

पण फोरमननी आठवडा दिला, हे लक्षात घ्या. तुमच्या-माझ्या फॉर्मवर ‘प्रशिक्षणाची गरज’ असा एक रकाना असतो आणि आपण सगळे त्यात ‘कम्युनिकेशन स्किल्स’ लिहून मोकळे होतो. मुक्या फिटरलाही तेच लिहिलेलं मी पाहिलंय. (हसू नका, खरं आहे.)

आता दुसरी बाजू. किर्लोस्करवाडीचं मी फार कौतुक करतोय असं वाटत असेल, तर थांबा. मालकाच्या कारखान्यात काम, मालकाच्याच घरात बिऱ्हाड, शेजारी सगळे कारखान्यातलेच. त्या वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता, त्या काळात ही फार मोठी गोष्ट. पण जिथं चांगला नियम मालक करतो, तिथं वाईट नियमही तोच करू शकतो. शिवाय साहेबाशी वाजलं तर नोकरीबरोबर घरही जातं. आजच्या कंपन्या ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ म्हणतात तेव्हा मला म्हणूनच जरा काळजी वाटते. कुटुंबातून राजीनामा देता येत नाही. तुमच्या हाताखालच्या माणसाला सहा वाजता तुमच्यापासून सुटता आलं पाहिजे. त्याला भजनी मंडळ असू दे, शेत असू दे, नुसतं पारावर बसणं असू दे. तुम्हालाही असू दे.

कारण समाधानाचं आयुष्य आखायचं म्हणजे पंचवीस वर्षांचा तक्ता मांडायचा, असा आपला समज झालाय. लक्ष्मणरावांच्या तक्त्यात नांगर कुठं होता? चित्रकला होती. प्रत्येक वळणावर त्यांनी हातात उरलेलं घेतलं आणि पुढचं एकच काम धरलं. तेही लगेच चाललं नाही. लोखंडी नांगरानं जमिनीला विष चढतं असं शेतकरी म्हणायचे. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. ही दोन वर्षं कुठल्याही प्रेरणादायी भाषणात अर्ध्या वाक्यात उरकतात. मीही आत्ता तेच केलं. पण घरात बसून त्या दोन वर्षांचा एकेक महिना मोजून बघा. दारात गंजणारे नांगर, आणि गिऱ्हाईक येऊन हात लावून परत जातंय.

त्यातून लक्ष्मणरावांनी काय ओळखलं असेल, की आपला माल वाईट नाही, त्याला अजून त्याचं गिऱ्हाईक भेटलेलं नाही. माणसांच्या बाबतीतही त्यांचा हिशेब हाच असावा.

सोमवारी कामावर गेलात की एक करा. ज्याचा शेरा तुम्ही वर्षानुवर्षं तोच लिहिताय, त्याच्या मशीनजवळ एक पूर्ण पाळी उभे राहा. फोन केबिनमध्ये ठेवा. त्याला काही विचारू नका, बावरेल बिचारा. चहाला मात्र बरोबर जा, आणि चहाचे पैसे तुम्ही द्या. मग फॉर्म भरा.

मला एवढंच बोलायचं होतं. मागे हात वर दिसतोय. बोला, काय विचारायचंय?