मक्यावरचा आळ
(सांगलीत एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'शाळवाची बीअर होईल का?' शाळू म्हणजे आपली रब्बीची ज्वारी. होईल, आणि कशी, तेही सांगतो. पण त्याआधी मक्यावरचा एक आळ मला धुऊन काढायचाय. तीस वर्षं मी बीअरच्या कारखान्यात केमिस्ट होतो. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कुठंही कुणाला हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही लोक मका घालून पैसे वाचवता म्हणे?"

हा आळ घेणारे १५१६ चा जर्मनीतल्या बव्हेरियातला कायदा पुढं करतात. बीअरला जव, हॉप्सची कडवट फुलं आणि पाणी, बाकी काही नको. बीअर आंबवणाऱ्या यीस्टचं तर त्यात नावही नाही. शिवाय गहू आणि राय ही पावाची धान्यं. ती बीअरवाल्यांनी उचलली की पाव महागणार, हाही हिशेब त्यामागे होता. मका तेव्हा युरोपात नुकता पोचलेला, त्याच्यावर बंदी घालायचं कुणाच्या मनातही आलं नसेल.

मका बीअरमध्ये रुजला तो अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकात. तिथल्या, कणसात दाण्यांच्या सहा ओळी असणाऱ्या जवात प्रथिनं जास्त, त्यामुळं बीअर थंड केली की गढूळ व्हायची. पण त्याच जवाच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांत, स्टार्च फोडून साखर करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्सही दांडगी. आपला स्टार्च फोडून वर शेजाऱ्याचाही फोडतील इतकी. मग मका किंवा तांदूळ मिसळला, प्रथिनं विरळ झाली, बीअर नितळ झाली. बोहेमियातून तिकडं गेलेल्या अँटन श्वार्त्झ यांनी ही रीत लिहून लिहून कारागिरांच्या गळी उतरवली.

नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरात माल्ट समजावून सांगायला नको. मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं. मोडामुळं विकरं तयार होतात आणि पेज पातळ होते. जवाचंही तेच. मक्याला मोड आणत नाहीत, म्हणून त्याला शिजवावं लागतं. त्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७४ अंशांवर फुगतो आणि त्याच उष्णतेत माल्टची विकरं दमायला लागतात. म्हणून भरडा वेगळ्या कुकरमध्ये थोडं माल्ट घालून उकळायचा आणि रटरटता तसाच मोठ्या भांड्यातल्या माल्टमध्ये सोडायचा. त्याच्या उष्णतेनं ते पन्नासावरून पासष्टच्या पुढं जातं. वेगळा कुकर, वेगळी वाफ, वेगळा माणूस. पैसे वाचवणारी माणसं इतका खटाटोप करत नाहीत.

आता ती ट्रकची गोष्ट. एका सकाळी गेटवर मक्याच्या भरड्याचा ट्रक लागला. पोतं उसवून मी मूठभर भरडा तळहातावर चोळला. हात ओशट झाला. वास खवट, जुन्या शेंगदाण्यासारखा, आणि पिवळ्या कण्यांत फिकट तुकडे दिसत होते. तो मक्याचा डोळा, म्हणजे अंकुराचा भाग. दाण्यातलं बहुतेक तेल त्यातच असतं आणि ते फेसाचं वैरी. गिरणीनं अंकुर काढूनच भरडा द्यायचा असतो. मी कोऱ्या कागदावर चिमूटभर भरडा ठेवून वाटीच्या बुडानं दाबला. कागदावर रुपयाएवढा तेलाचा डाग उमटला. तो कागद घेऊन मी साहेबांच्या टेबलाशी गेलो. "कागद बघून ट्रक परत पाठवायचा?" साहेब म्हणाले आणि माल उतरवून घेतला.

पुढं महिन्याभरानं त्याच घाण्याची बीअर ग्लासात ओतली. फेस वर आला आणि बघता बघता बसला, साबणाचं पाणी निवळावं तसा. चव शिळी. सगळा घाणा गटारात गेला. नंतरच्या बैठकीत काय ठरावं? मका वाईट! गिरणीला कुणी विचारलं नाही, माझा कागद कुणी पुन्हा मागवला नाही. आजही हे सांगताना माझा आवाज चढतो, तुम्हाला ऐकू येतच असेल. दोष धान्याचा नव्हता हो. पाखडलं नाही, निवडलं नाही, आणि बदनाम झाला मका.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीये, पाचच मिनिटं. म्हणजे शाळू आता पळवावा लागणार.

नायजेरियानं १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली आणि तिथले कारखाने ज्वारीकडं वळले. बीअर थांबली नाही. तेव्हा होईल का, हा प्रश्न उरलेलाच नाही.

अडचणी तीन. ज्वारीच्या दाण्याला जवासारखं टरफल नसतं, त्यामुळं गाळताना जवासारखा चोथ्याचा थर बसत नाही. तिच्या माल्टमध्ये साखर करणारं एक महत्त्वाचं विकर कमी पडतं. आणि मोडात विष असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, हे जत-कवठेमहांकाळकडच्या माणसाला मी काय सांगू? म्हणून माझं म्हणणं, शाळवाला मोड आणूच नका. मक्यासारखाच वापरा. तीस टक्के शाळू, सत्तर टक्के जवाचं माल्ट. टरफल आणि विकरं दोन्ही जवाकडून मिळतील. आपला शाळू पांढरा, त्यात तुरट टॅनिन कमी. मात्र त्यालाही अंकुर आहे, त्यातही तेल आहे. कांडून, अंकुर काढूनच भरडा करायचा आणि मक्यापेक्षा थोडा जास्त वेळ शिजवायचा. त्याची चव कशी लागेल हे...

बरं, थांबतो. टेबलावर दोन पुड्या ठेवल्यात, एक अंकुर काढलेल्या भरड्याची, एक न काढलेल्याची. शेजारी कोरे कागद आणि वाटी आहे. जाताना स्वतः दाबून बघा.