माळवदावरचं जर्मेनियम

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय धातुसदृश मूलद्रव्यांबद्दल. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, अर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम. आवर्तसारणीत धातू डावीकडे, अधातू उजवीकडे, आणि मधल्या पायऱ्यापायऱ्यांच्या रेषेला लागून ही मंडळी. बहुतेकांना चमक धातूची, पण ठोकून पत्रा होत नाही. पुन्हा सांगतो, चमक धातूची, पण ठोकलं की तुकडे.

आणि वीज? तांब्याची तार तापली की तिच्यातून वीज कमी वाहते. शुद्ध सिलिकॉन किंवा जर्मेनियम तापलं की जास्त वाहते. धातूच्या अगदी उलट, हे ध्यानात ठेवा.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते. शाळा सुटली की मी त्यांच्या टपरीवर. त्यांचं बघून बघून मी एक सेट जुळवला. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली, तिला स्टेशन लावायचा गँग जोडला, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा एक डायोड आणि कानात घालायचा इअरफोन. सेल नाही, लाइट नाही. एरियलची तार लिंबापासून माळवदापर्यंत ताणली, अर्थिंग हापशाला बांधलं.

डायोड होता जुन्या एलिमिनेटरमधला, म्हणजे सेलऐवजी लाइटवर रेडिओ चालवायच्या डबीतला, सिलिकॉनचा. गँग इकडून तिकडे फिरवला, कानात काहीच नाही. तेवढ्यात काका वर आले. “काय करायलास रं?” त्यांनी सेट उलटापालटा करून बघितला आणि खिशातल्या काडीपेटीतून काचेचा एक बारीक डायोड काढला. आत केसासारखी तार, तिच्या टोकाशी करडा कण. “हे जर्मेनियम हाय. हे लाव.” तारा पिळून जोडल्या, आणि परभणी आकाशवाणी कानात बोलायला लागली! कापसावरच्या किडीबद्दल कुणीतरी सांगत होतं. आजीच्या कानाला इअरफोन लावला. बराच वेळ ऐकून तिनं विचारलं, “याच्यात सेल कुठं घातलास रं?”

गुरुजनहो, शाळेतल्या प्रयोगशाळेला कुलूप लावू नका. चार डायोड जळाले तर जळू द्यात, पोरांच्या हाताला काम कळू द्यात. परीक्षेतल्या गुणांपेक्षा मला ते मोठं वाटतं.

तर, असं का झालं? सिलिकॉनच्या डायोडमधून वीज नीट जायला साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात, जर्मेनियमला ०.२ ते ०.३. एरियलवर येणारी लहर दुबळी, ती सिलिकॉनमध्ये अडली, जर्मेनियममधून गेली.

हेच जर्मेनियम सापडण्याआधी आवर्तसारणी मांडणारे रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८७१ साली त्याचे गुणधर्म लिहून ठेवले होते. रसायनशास्त्रज्ञ विंक्लर यांना ते जर्मनीत १८८६ साली मिळालं. १९४७ सालचा पहिला ट्रान्झिस्टरही, म्हणजे रेडिओ नव्हे, तर त्याच्या आतला दुबळी लहर मोठी करणारा भाग, जर्मेनियमचाच. पण उन्हाळ्यासारख्या गरमीत ते डळमळतं, सिलिकॉन जास्त टिकतं, म्हणून पुढं सिलिकॉननं बाजी मारली. आज शेतातल्या सौर पंपाच्या पॅनेलमध्ये तेच आहे, बोरॉन आणि फॉस्फरसचा किंचित अंश मिसळलेलं.

बोरॉनवरून सांगतो. कापसाला, मोसंबीला ते लागतं, पण अगदी थोडं. कमी पडणं आणि जास्त होणं यात अंतर फार कमी असतं. जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. म्हणून आधी माती तपासा, मगच बोरॉन टाका. नमस्कार.