मज्जातंतूंचे आवरण झिजते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

गरम पाण्याने अंघोळ केल्यावर एका डोळ्यापुढे धुरकट पडदा यावा आणि अंग निवल्यावर तो आपोआप विरावा, असा अनुभव मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या काही रुग्णांना येतो. श्रमानंतर नजर अशीच मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले होते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूवरचे मायेलिन नावाचे आवरण झिजलेले असले, की शरीराचे तापमान जरासे वाढले तरी संदेश वाटेतच अडतो.

मायेलिनला विजेच्या तारेवरील वेष्टणाची उपमा देतात. ती सोयीची असली तरी मला अपुरी वाटते, कारण हे वेष्टण म्हणजे जिवंत पेशीने तंतूभोवती पदरावर पदर गुंडाळलेले स्वतःचेच स्निग्ध पटल असते. त्याच्यामुळे जाड तंतूंतून संदेश सेकंदाला सुमारे शंभर मीटर धावतो. ज्या बारीक तंतूंवर ते मुळातच नसते, तेथे हा वेग जेमतेम एक-दोन मीटर असतो.

मेंदूत आणि मज्जारज्जूत हे काम ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी करतात, तर हातापायांच्या नसांत श्वान पेशी. (थिओडोर श्वान या शास्त्रज्ञावरून पडलेल्या या नावाचा कुत्र्याशी काही संबंध नाही.) कारागीर वेगळे, म्हणून आजारही वेगळे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील आवरणावर उलटते. गियाँ-बारे सिंड्रोम या आजारात हाच हल्ला हातापायांच्या नसांवर होतो: जुलाब किंवा सर्दी-खोकला होऊन गेल्यावर काही दिवसांनी पायांना मुंग्या येतात, मग अशक्तपणा वर चढत जातो आणि चार आठवड्यांच्या आत कळस गाठतो. श्वसनाचे स्नायू दुबळे झाले तर कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. त्यावर इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे) देणे किंवा प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) बदलणे हे उपचार लागू पडतात, स्टेरॉइड मात्र नाही. दोन महिन्यांहून अधिक काळ वाढत राहणाऱ्या, तशाच दिसणाऱ्या दीर्घकालीन आजारात मात्र तेच स्टेरॉइड गुण देते, म्हणून लक्षणे कधी सुरू झाली हे डॉक्टर खोदून विचारतात.

प्रत्येक वेळी दोष प्रतिकारयंत्रणेचाच असतो असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि काही आनुवंशिक दोष यांनीही आवरण बिघडते.

नसांच्या तपासणीत त्वचेवरून सौम्य विद्युतझटका देऊन संदेशाचा वेग मोजतात. वेग बराच मंदावलेला असेल तर दोष बहुधा आवरणात असतो, आणि आतला तंतू शाबूत असेल तर श्वान पेशी त्याच्याभोवती पुन्हा पदर गुंडाळू लागतात. हे नवे आवरण मूळच्यापेक्षा पातळ असते, तरी त्यातून संदेश पलीकडे पोहोचतो.