डबा सुरू झाला, आता अंगावरचं दूध परत वाढवायचंय

नमस्कार. सहा आठवड्यांचं बाळ आहे. संध्याकाळ झाली की तासन् तास अंगावर, सोडलं की रडतं. घरात कुणीतरी म्हणतं, "पुरत नाहीये गं त्याला, पावडरच्या दुधाचा डबा आणा." बाळ बाटली एका दमात संपवतं आणि सगळ्यांची खात्रीच पटते. मग डबा वाढत जातो, छातीत दूध आटत जातं. आज बोलतेय ते या आईशी.

आधी एक गोष्ट. छाती मऊ पडली, पंपाला चार चमचेच आलं, बाळ सारखं मागतं, यावरून दूध कमी आहे असं ठरत नाही. दीड-दोन महिन्यांत छाती मऊ होतेच. बघायचं ते लंगोट आणि वजनकाटा. पहिल्या आठवड्यानंतर 24 तासांत निदान 6 वेळा चांगली शू, आणि पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वजनवाढ. फक्त अंगावर पिऊन एवढं होत असेल तर निवांत लाडू खा, हा व्हिडिओ बंद करा. होत नसेल, किंवा बाळ सुस्त वाटत असेल, तर व्हिडिओ राहू द्या, आजच डॉक्टरांना दाखवा.

आता दूध खरंच कमी झालंय असं धरू. छातीत दूध साचून राहिलं की नवं बनणं मंदावतं, काढून घेतलं की वेग वाढतो. हे प्रत्येक बाजूचं वेगवेगळं चालतं, म्हणून एक बाजू आटते आणि दुसरी चालू राहते. म्हणजे बाटलीने पोट भरलेलं बाळ जेवढं कमी ओढेल, तेवढं दूध कमी बनणार.

म्हणून 24 तासांत 8 ते 12 वेळा अंगावर घ्या. रात्रीचं चुकवू नका, दूध बनवणारं हार्मोन, प्रोलॅक्टिन, रात्री जास्त असतं. "तू झोप, रात्रीची बाटली मी देते" हे प्रेमानेच म्हटलेलं असतं, पण नेमकं तेच महाग पडतं. झोप दुपारी मागून घ्या, हक्काने!

बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं, हनुवटी छातीला टेकलेली, नुसती बोंडशी तोंडात नको. दुखत असेल तर पकड चुकतेय. गिळणं थांबलं की छाती हाताने हलकेच दाबा, तरीही नाही तर बाजू बदला. पाजून झाल्यावर 10-15 मिनिटं पंपाने किंवा हाताने काढा. दिवसातून एकदा तासभर असंही करता येतं: 20 मिनिटं पंप, 10 विश्रांती, 10 पंप, 10 विश्रांती, 10 पंप. काही आलं नाही तरी चालेल, मागणी पोचते.

वरचं दूध मात्र एकदम तोडायचं नाही. बाळ उपाशी राहिलं तर त्याला ओढायलाही ताकद उरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने, वजन बघत थोडं थोडं कमी करा. डबा पुरवायला पावडर पातळ करणं तर अजिबात नको. आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आजीचं बोंडलं, म्हणजे चोच असलेली छोटी वाटी, काढा.

अळीव, शतावरी, मेथी? अळिवाचे लाडू खुशाल खा, बाळंतिणीला भूक लागतेच. पण दूध काढलंच नाही तर लाडवाने वाढत नाही, मग सासूबाई कितीही आग्रह करोत. थायरॉइड किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर शतावरी-मेथीचं आधी विचारून घ्या.

एवढं करूनही हलत नसेल तर डॉक्टरांना थायरॉइड, पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा त्रास), गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, बाळाची जीभ खाली बांधलेली आहे का, हे विचारा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि सर्दीच्या औषधातलं स्यूडोएफेड्रिन, दोन्हींनी दूध घटू शकतं. दूध वाढवायला काही वेळा दिली जाणारी डॉमपेरिडोनची गोळी मात्र दुकानातून स्वतःहून घेऊ नका, काही जणींना त्याने हृदयाच्या ठोक्यांचा त्रास होऊ शकतो.

फरक काही दिवसांत दिसू लागतो, पण काही जणींना आठवडे लागतात. काहींचं पूर्ण येत नाही, थोडं अंगावर आणि थोडं वरचं, असंच चालतं. त्यात अपयश कसलं? पुढच्या व्हिडिओत बोंडल्याने कसं पाजायचं ते बाहुलीवर दाखवते.