‘मॅडम ओरडतील’

(विद्यार्थी संशोधन गटाचं उन्हाळी काम सुरू होण्याआधी दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून संपादित.)

मागे ऐकू येतंय ना? मग पंखा राहू दे.

मी नोकरीला नवी होते तेव्हा आमच्या लॅबमध्ये ब्रेकेजचं रजिस्टर होतं. काही फुटलं की त्यात नाव, वस्तू, किंमत लिहायची आणि टर्म संपताना डिपॉझिटमधून पैसे कापायचे. टेस्ट ट्यूब फुटली तर मुलं निमूट सही करायची. थर्मामीटरचं प्रकरण वेगळं होतं. तो महाग, शिवाय फुटला की बोलणी खावी लागायची. माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता. एका मुलीला मी अख्ख्या बॅचसमोर असं झापलं की ती उरलेलं प्रॅक्टिकल रडत करत होती. त्यानंतर दोन वर्षं माझ्या बॅचमध्ये एकही थर्मामीटर फुटला नाही. मला वाटलं, लागली शिस्त.

मग एक सिंक तुंबलं. प्लंबरने खालचा ट्रॅप, म्हणजे पाइपचा वाकडा भाग, उघडला आणि काळ्या गाळाबरोबर पाऱ्याचे गोळे टपाटप बादलीत पडले. मुलं वर्गणी काढून बाजारातून नवा थर्मामीटर आणत होती, जागेवर ठेवत होती आणि सांडलेला पारा नळाखाली धुऊन टाकत होती. साध्या तापमानालाही पाऱ्याची वाफ होत असते. दोन वर्षं आम्ही सगळे त्या सिंकपाशी उभे राहून काम करत होतो. लॅबमधले मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, “मॅडम, मला ठाऊक होतं.” मी म्हटलं, “मग बोलला का नाहीत?” तर म्हणाले, “तुम्ही ओरडला असतात.”

आज मी बोलणार आहे ते याच वाक्याबद्दल. हातमोजे, गॉगल, एप्रन हे तुम्हाला पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही.

जिवांच्या जनुकांत फेरफार करून काहीतरी नवं घडवायच्या ज्या आयजेम स्पर्धेसाठी तुम्ही काम करणार आहात ती २००३ साली अमेरिकेतल्या एमआयटीतल्या एका छोट्या कोर्समधून निघाली. २००४ मध्ये पाच संघ होते, आता जगभरातून शेकडो येतात आणि २०२२ पासून अंतिम मेळावा पॅरिसला भरतो. तिथे सुरक्षेचा फॉर्म भरावाच लागतो, आणि तुम्ही घडवलेला जीव लॅबच्या बाहेर सोडायला बंदी आहे. आपल्याकडे जनुकांत फेरफार करायचा तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे आधी जावं लागतं. हे १९८९ च्या नियमांपासून चालत आलंय. ते सगळं कराच. पण असले फॉर्म कसे भरले जातात तेही मला माहीत आहे. शेवटच्या रात्री अकरा वाजता संघातला एकच जण ते भरतो आणि बाकीच्यांना त्यात काय लिहिलंय याचा पत्ता नसतो.

तुमच्या हातात असेल ई. कोलाय या जिवाणूचा लॅबमधला पाळीव वाण. निरोगी माणसाला त्याच्यापासून सहसा काही होत नाही. म्हणून तुम्ही निर्धास्त असता आणि धोका भलतीकडून येतो. प्लेटवर जिवाणू पसरायची काचेची दांडी आठवा. अल्कोहोलमध्ये बुडवायची, बर्नरवर धरायची, ज्योत विझली की वापरायची. शंभर प्लेट झाल्या की हात आपोआप चालतो. मग कधीतरी पेटती दांडीच परत अल्कोहोलच्या बीकरमध्ये जाते. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते, ट्यूबलाइटखाली धड दिसतही नाही. पहिल्यांदा कळतं ते बोटाला चटका बसला की. अशा वेळी माणूस काय करतो? पेटता बीकर उचलून सिंककडे धावतो. ते सांडतं, आणि आग बाहीवर, टेबलावर, वहीवर जाते. उचलायचं नाही. पेट्री डिशचं काचेचं झाकण शेजारीच असतं, ते वर ठेवायचं. हवा तुटली की विझते. आणि बीकरमध्ये अल्कोहोल बोटभरच घ्यायचं. हे मी उद्या प्रत्येकाकडून करवून घेणार आहे, पेटवून.

अ‍ॅगरोजचंही तसंच. जेल बनवायची ही पावडर पाण्यात उकळतात. मायक्रोवेव्हमधून काढलेला फ्लास्क शांत दिसतो, जरा हलवला की उसळतो. हात पोळलेली मुलं दरवर्षी असतात. त्यातली निम्मी मला आठवड्याने, पट्टी बघून कळतात.

आता एक मोठी गोष्ट सांगते. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत टेक्सस टेक विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात दोन विद्यार्थी एका स्फोटक संयुगावर काम करत होते. एका वेळी शंभर मिलिग्रॅमच्या वर बनवायचं नाही, असं मार्गदर्शकांचं म्हणणं होतं. म्हणणं होतं, कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्या चाचण्या एकाच घाण्यात व्हाव्यात म्हणून त्यांनी सुमारे दहा ग्रॅम बनवलं. म्हणजे शंभर पट. त्यात गुठळ्या होत्या. एकाने खलात घेऊन त्या फोडल्या. गॉगल होता, पण काम झालं म्हणून काढून ठेवला, आणि मग ‘अजून एकदा’ म्हणून परत येऊन ढवळलं. स्फोट झाला. तीन बोटं गेली, डोळ्याला इजा झाली.

अपघाताच्या चौकशीला तिथे केमिकल सेफ्टी बोर्ड नावाची संस्था आहे. तिच्या अहवालातली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याच विद्यापीठात याआधीही बारीकसारीक प्रकार झाले होते. त्यांची नीट नोंद नव्हती, ते इतरांपर्यंत पोचले नव्हते. तिथेही कुठल्या तरी ट्रॅपमध्ये पारा साठत होता म्हणा ना.

ऑनलाइन सुरक्षेचं वेगळं व्याख्यान असतं, तज्ज्ञ येतात, स्लाइड दाखवतात. मला ते वेगळं वाटत नाही. संघातल्या मुलाला मेसेज येतो, ‘तुमचं प्लास्मिडचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, थोडे पैसे भरा.’ प्लास्मिड, म्हणजे जिवाणूत घालायचा डीएनए, खरंच पार्सलने यायचा असतो, म्हणून तो लिंक उघडतो, संघाच्या खात्याचा पासवर्ड टाकतो. पुढच्याच मिनिटाला त्याच्या पोटात गोळा येतो. आता तो काय करतो? गप्प बसतो. चार दिवस. तेवढ्यात आत शिरलेला माणूस ड्राइव्हवरचं सगळं बघून मोकळा होतो. त्याने पहिल्या पाच मिनिटांत ग्रुपवर ‘माझ्याकडून चूक झाली’ एवढं टाकलं असतं, तर पासवर्ड बदलून, सगळीकडून लॉगआउट करून काम भागलं असतं. पैसे गेले असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लगेच फिरवायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतात, तिथे तासांना किंमत आहे.

प्रकल्पासाठी लोकांशी बोलायला तुम्ही गावांत जाणार, शेतकऱ्यांची नावं, फोन, जमीन, आजार लिहून आणणार. ती शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडी ठेवणं म्हणजे त्या माणसाचं घर उघडं टाकणं. नावं एका फाइलमध्ये, उत्तरं दुसरीत, जोडणारा आकडा एकाकडेच. इन्स्टाग्रामच्या पानावर संघातल्या कुठल्याही मुलीचा नंबर जाणार नाही. घाणेरडे मेसेज आले तर आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, आणि त्याच दिवशी मला सांगायचं. ‘तू फोटोच का टाकलास’ हा प्रश्न या खोलीत कोणी विचारायचा नाही. मीसुद्धा नाही.

बॅकअपबद्दल एवढंच सांगते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या सुपरकॉम्प्युटरवरच्या सुमारे ३.४ कोटी फाइली, ७७ टेराबाइट, पुसल्या गेल्या. ज्या स्क्रिप्टने बॅकअप सांभाळायचा, तिच्यातच चूक होती. विद्यापीठाने आणि यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने ते जाहीर केलं, कारणासकट. म्हणून आज मी तुम्हाला ते सांगू शकतेय. तुमची नोंदवही लॅपटॉपवर असेल तर तिची एक प्रत त्या लॅपटॉपला कायम जोडलेली नसलेल्या जागीही हवी.

पाऱ्याच्या प्रकारानंतर मी ब्रेकेजचं रजिस्टर बंद करायला लावलं. लेखा विभागाने खूप कुरकुर केली. त्याच्या जागी साधी दोनशे पानी वही ठेवली. वर मामांनी मार्करने लिहिलंय, ‘थोडक्यात वाचलो’. त्यात नाव लिहायचं बंधन नाही, दंड नाही. पहिली नोंद माझी आहे: ‘घाईत ब्लीचच्या बादलीत अ‍ॅसिड ओतायला गेले, मामांनी हात धरला.’ ब्लीच आणि अ‍ॅसिड म्हणजे क्लोरीन. मामांचं शिक्षण दहावी. त्यांनी हात धरला, कारण तोवर त्यांना खात्री पटली होती की मी ओरडणार नाही.

खरं सांगू? मी अजूनही कधीकधी ओरडते. सवय जात नाही. तेव्हा वही माझ्यासमोर आणून ठेवायची, एवढा अधिकार तुम्हाला दिलाय. दोनदा ठेवली गेली आहे.

बाकीचं उद्या. आता सगळे माझ्याबरोबर चला, दाराशेजारच्या आयवॉशपाशी. डोळ्यात काही गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याखाली डोळे उघडे ठेवायचे असतात. हे यंत्र कोणी सुट्टीनंतर चालवलेलं नाही. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं येईल, गंजाचं. ते स्वच्छ होईपर्यंत सोडायचं आणि मग दर सोमवारी. दांडी कोण ओढतंय? बादली घ्या खाली.