मुंबईच्या रस्त्यावर चिलखती गाडी दिसली? आधी प्लेट बघा

नमस्कार मंडळी! परवा रात्री साडेबाराला भाच्याने व्हिडिओ पाठवला. "मामा, ईस्टर्न एक्स्प्रेसवर रणगाडा!" सकाळी तोच व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, 'मुंबईत सैन्य उतरलं' अशी ओळ चिकटवून.

हा बघा. इथे थांबवतो. रबरी टायरची चाकं दिसली? मग रणगाडा नाही, विषय संपला. रणगाड्याला पोलादी पट्टे असतात आणि ते डांबराची साल काढतात. त्याला शहरातून न्यायचं तर लांबलचक ट्रेलरवर चढवून नेतात. चाकांवर धावतंय ते चिलखती वाहन, आणि आपल्याकडे तशी बरीच बनतात. अहिल्यानगरच्या व्हीआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेने, टाटांबरोबर केलेलं आठ चाकी 'व्हॅप' पाण्यातही चालतं. पुण्याच्या भारत फोर्जचं 'कल्याणी एम४' आहे. महिंद्रांच्या १३०० हलक्या चिलखती गाड्यांचा करार संरक्षण मंत्रालयाने सैन्यासाठी २०२१ मध्ये केला.

आता प्लेट. सैन्याच्या गाडीच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो, सोबत वर्षाचे दोन आकडे, एक अक्षर, मग क्रमांक. भाच्याच्या व्हिडिओत बाण नाही. लाल पाटी, पांढरी अक्षरं. ही ट्रेड सर्टिफिकेटची पाटी, म्हणजे नोंदणीच न झालेली गाडी. अजून सैन्याची नाहीच ती! चाचणीला निघाली असेल नाहीतर कुठे पोचवायची असेल. खरी कठोर परीक्षा टेस्ट ट्रॅकवर होते, पण टनावारी वजन घेऊन सिग्नल-सिग्नलला थांबत जाणं हीसुद्धा ब्रेक आणि कूलिंगची परीक्षाच. घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये आपल्या साध्या गाड्या तापतात, हिचं काय होत असेल!

लांबून प्लेट दिसली नाही तर काच बघा. काचेचे आणि पॉलिकार्बोनेटचे थर चिकटवलेले असतात, म्हणून ती जाड, हिरवट दिसते. आणि दार. शिवाजी पार्कात २६ जानेवारीच्या संचलनानंतर एका हवालदाराला 'मार्क्समन' या पोलिसांच्या चिलखती गाडीचं दार लावताना मी पाहिलं. हाताने नाही, खांद्याने रेटून! बंद झालं तेव्हा आवाज आला तो तिजोरीचा. धप्प.

ही मार्क्समन मुंबई पोलिसांकडे आली २६/११ नंतर. त्या रात्री कामा हॉस्पिटलच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर बसले होते साध्या क्वालिसमध्ये. एके-४७ पुढे त्या पत्र्याचं काय चालणार? मला या गाड्यांचा नाद लागला तो तिथून, कौतुकापेक्षा चिडून जास्त.

आणि त्या हल्ल्याचीच दुसरी गोष्ट. कमांडोंची हालचाल टीव्हीवर लाइव्ह चालू होती आणि सीमेपलीकडे बसून अतिरेक्यांना फोनवर सूचना देणारे ती बघत होते. २०१२ च्या कसाब निकालात सुप्रीम कोर्टाने वाहिन्यांना त्यावरून चांगलंच झापलं. म्हणून बाणाची प्लेट दिसली, ताफा दिसला, की मी मोबाइल खिशात टाकतो. लाल पाटीवाली एकटी गाडी असेल तर फोटो काढतो, पण जागा आणि वेळ टाकत नाही.

भाच्याला सांगितलं, ग्रुपवरून काढ. म्हणाला, "मामा, चाळीस ग्रुपवर गेलाय." मग निदान 'रणगाडा' तरी खोड म्हटलं.